लीलावतीबाईंचं बटण

सरकार म्हणजे काय चीज आहे हे ज्याला खरोखर पाहायचं असेल त्याने राजधानीत जाऊ नये. तिथे नुसत्या इमारती असतात. त्याने उत्तरेला जावं. आधी रस्ता संपतो, मग जमीन संपते, मग बोट लागते, आणि ती बहुतेक वेळा रद्द झालेली असते. ती मिळालीच तर स्कार्वे बेटावर उतरावं. तिथे सरकारचं विराट रूप दिसतं. अग्निशमन दल, विमानतळ सुरक्षा, किनारा बचाव पथक, रस्ते व हिवाळी वाहतूक, बंदर, आणि एकट्या वृद्धांसाठी आपत्कालीन मदत, अशी सगळी खाती नागरिकांच्या रक्षणासाठी अहोरात्र डोळ्यांत तेल घालून उभी असतात.

नोव्हेंबरातल्या ज्या सकाळी ही गोष्ट सुरू होते त्या सकाळी ही सगळी खाती कोंबड्यांच्या खुराड्यात ओणवी होऊन फळीवरची शीट खरवडत होती, आणि त्यांच्या कमरेत उसण भरली होती.

कारण सगळी खाती मिळून माणूस एकच होता. शशिधर देवस्थळी, मूळचा साताऱ्याचा, मग पुण्याचा, मग एडिनबराचा. एडिनबरात त्याने एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटरांची आयुष्यभर मनधरणी केली. मग त्याच्या बायकोने, डॉक्टर सुचेताने, स्कार्वेच्या दवाखान्याची जागा घेतली. त्या जागेची जाहिरात इतकी वर्षं येत होती की लोक तिला बातम्यांमधल्या हवामानासारखी ऐकून सोडून देत. बेटावर माणसं मोजकी आणि मेंढ्या बेसुमार. तिथे रिकाम्या हातांचा धडधाकट पुरुष संशयास्पद समजतात. पहिल्याच हिवाळ्यात धक्क्यावर कुणीतरी शशिधरच्या हातात बोटीचा दोर दिला. त्याने तो धरला. हा माणूस दिलेली वस्तू धरतो एवढं कळल्यावर लोकांनी त्याला भराभर रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकणाऱ्या ट्रकची किल्ली, आगवाल्याचं शिरस्त्राण आणि किनारा पथकाचा वायरलेस दिला. प्रत्येक खात्याने आपापला फोन दिला. तो चालायला लागला की खिशातून खुळखुळ आवाज यायचा.

खुराड्यातून पाठ सरळ करत तो बाहेर आला तेव्हा पश्चिमेकडे आभाळ शाईच्या डागासारखं पसरत होतं. वारा अजून सुरू झाला नव्हता, पण मेंढ्या भिंतीच्या आडोशाला सरकल्या होत्या. दुपारपर्यंत लाइट जाणार. लाइट गेली की बॉक्स बोलणार. आणि बॉक्स बोलला की त्याला आईकडे जावं लागणार.

त्याची आई ऑक्टोबरात वारली होती.

लीलावतीबाई दवाखान्याच्या मागच्या बाजूला, कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, एका खोलीच्या कॉटेजमध्ये राहत. मुलाच्या घरात जागा होती, पण एका ओट्यापुढे दोन बायका उभ्या राहिल्या की दोघींचंही मीठ चुकतं, असं त्यांचं मत होतं, आणि सुचेताचंही. नव्वदी जवळ आल्यावर कौन्सिलने त्यांच्या गळ्यात एक दोरा घातला आणि दोऱ्याला लाल बटण. मंगळसूत्र काढून ठेवलेल्या गळ्यात सरकारने लाल मणी बांधला. टेबलावर एक पांढरा बॉक्स बसवला. कौन्सिलच्या बाईने समजावलं की पडलात, घाबरलात, की बटण दाबा. बॉक्समधून बाई बोलेल, आणि मग ती तुमच्या माणसांना कळवेल.

यातलं शेवटचं वाक्य लीलावतीबाईंना फार ओळखीचं वाटलं. साताऱ्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्यांनी सगळी नोकरी बोर्डापुढे बसून काढली होती. कानाला हेडफोन, हातात वायरी, आणि गावोगावची माणसं: बाई, मुंबईला निरोप द्या, म्हातारा गेला. बाई, कोल्हापूरला सांगा, मुलगा झाला. तेव्हा पडण्याबिडण्याचा भाग त्यांनी सोडून दिला आणि खरी गोष्ट तेवढी घेतली. बटण दाबायचं, एक्सचेंजची बाई येते, तिला निरोप सांगायचा.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लाइन चालू केली. शशीला म्हणावं, पाणी तापलंय. शशीला म्हणावं, लोणच्याचं झाकण निघत नाही. दूर दक्षिणेला, दोन बोटी आणि एका डोंगररांगेपलीकडच्या गावात, हेडफोन लावून बसलेल्या मॉइरा नावाच्या बाईला यातलं अक्षर कळत नसे. ती नियमाप्रमाणे शशिधरला फोन करी. तुमच्या आईने बटण दाबलंय, आवाजावरून बरी वाटते, काहीतरी लांबलचक सांगतेय. शशिधर धक्क्यावरून किंवा ट्रकमधून धावत यायचा आणि झाकण उघडून जायचा.

कौन्सिलने समज दिली की ही सेवा संकटासाठी आहे. लीलावतीबाईंनी ऐकून घेतलं.

"ड्यूटीवरची बाई आहे ती," त्या मुलाला म्हणाल्या. "दिवसभर कुणी बोललं नाही तर झोप येते बोर्डावर. मला शिकवतोस?"

मॉइराला त्यांनी इंग्रजीतून एकच तत्त्व शिकवलं होतं. मेसेज टेक, मेसेज गिव्ह. मराठीतून थोडं जास्त. वर्षभरात मॉइरा लाइनवर आली की आधी विचारायची, "जेवलीस का, लीला?" नव्वदीच्या बाईला एकेरीत. पण शिकवणारीने तेवढंच शिकवलं होतं.

मग ऑक्टोबरातला तो दिवस. त्या दिवशी विमान यायचं होतं. विमान म्हणजे पंख लावलेली सुमो, पण नियम सगळे मोठ्या विमानाचे. ते उतरेपर्यंत आग विझवणाऱ्यांनी चंदेरी सूट घालून गाडीत बसायचं आणि फोन लॉकरमध्ये ठेवायचे. वारा आडवा होता. विमान आलं, घिरट्या घालू लागलं, गेलं, परत आलं. शशिधर आणि त्याचा साथीदार डोनाल्ड गाडीत बसून वर बघत होते. डोनाल्डने पेपरमिंट दिलं. ते शशिधरने चघळलं. ही गोष्ट त्याला पुढे फार आठवायची, की आपण पेपरमिंट चघळत होतो.

तेवढ्यात तिकडे लीलावतीबाईंनी बटण दाबलं. मॉइराने शशिधरला फोन लावला. तो लॉकरमध्ये वाजला. सुचेताला लावला, ती बेटाच्या पार टोकाला, फाटकात सापडलेला एका माणसाचा अंगठा शिवत होती, आणि तिथे रेंज नसते. मग नियमाप्रमाणे मॉइराने पुढची दारं ठोठावली. किनारा पथक. अग्निशमन. रस्ते खातं. बंदर. सरकारने कुठे म्हणून कसूर केली नाही. सगळीकडे फोन केला, आणि सगळीकडचा फोन त्या एकाच लॉकरात वाजला.

विमान उतरल्यावर शशिधरने लॉकर उघडलं तेव्हा त्याची सगळी खाती पत्र्यावर थरथरत होती.

लीलावतीबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. बटण मुठीत. मान थोडी कलती, पलीकडून लाइन जोडली जायची वाट बघावी तशी. सुचेता आली, तिने हात धरला, डोळे पाहिले आणि म्हणाली, हार्ट. बहुतेक झटकन. बहुतेक या शब्दापाशी ती थांबली, आणि शशिधरने तेवढाच शब्द ऐकला.

बेटावर स्मशान होतं ते पुरायचं. जाळायला बोटीने मुख्य भूमीवर आणि तिथून गाडीने दिवसभर जावं लागे. त्या सकाळी धक्क्यावर दोर सोडायला दुसरा माणूस नव्हता; डोनाल्ड बोटीची फळी सांभाळत होता. तेव्हा आईला घेऊन निघालेल्या बोटीचा दोर शशिधरनेच खुंट्यावरून काढला, पाण्यात सोडला, आणि उडी मारून बोटीवर चढला. त्याचे हातमोजे ओले झाले. सुचेताने ते काढून स्वतःच्या खिशात घातले.

परत आल्यावर कॉटेजमध्ये, खुर्चीच्या जागी, दहा दिवस दिवा ठेवायचा ठरलं. ताटात कणीक पसरली, मध्ये तेलाची पणती, वर वेताची पाटी झाकली. शेवटच्या दिवशी कणकेवर पाऊल उमटलेलं दिसतं, ज्या योनीत माणूस गेला तिचं. सुचेताचा यावर विश्वास नव्हता, पण कणीक तिनेच चाळली. तिने उदबत्तीही लावली. छतावरच्या धुराच्या यंत्राने उदबत्ती हुंगली, बॉक्सला सांगितलं, बॉक्सने दक्षिणेतल्या त्या कॉल केंद्राला सांगितलं, आणि केंद्राने स्कार्वेच्या अग्निशमन दलाला तातडीने घटनास्थळी धाडलं. दल घटनास्थळीच पाट मांडून बसलं होतं. पण नोंद व्हायची तर गणवेश आणि गाडी लागते. शशिधर उठला, स्टेशनवर गेला, शिरस्त्राण घातलं, डोनाल्डला घेतलं, आणि लाल गाडीतून स्वतःच्या आईच्या दिव्यापाशी परत आला.

डोनाल्ड दारात उभा राहिला. पणतीकडे बघून त्याने शिरस्त्राण काढून छातीशी धरलं. पिठाचं काय आहे, असं त्याने हळूच विचारलं. शशिधरने सांगितलं. डोनाल्डने मान हलवली. त्याच्या आजीच्या वेळेला घड्याळ बंद करून आरशावर कापड टाकत, म्हणाला. मग दोघांनी यंत्राला ओला टॉवेल बांधला.

दहाव्या दिवशी पाटी उचलली. कणकेवर स्पष्ट पावलं होती, मांजराची. जवळच्या रानात राहणाऱ्या एफी नावाच्या बाईचं मांजर खिडकीच्या फटीतून येऊन ऊब घेत होतं हे उघड होतं. तरी नवराबायको बराच वेळ ताटाकडे बघत बसली.

"तुझ्या आई मांजराला शिवायच्यासुद्धा नाहीत," शेवटी सुचेता म्हणाली, आणि ताट घेऊन बाहेर गेली.

तर बाईंनी त्या दिवशी बटण का दाबलं? याखेरीज शशिधरला दुसरं काही जाणून घ्यायचं नव्हतं. छातीत कळ आली म्हणून दाबलं असेल, तर तिने त्याला हाक मारली आणि तो पेपरमिंट चघळत आभाळाकडे बघत होता. त्याने कौन्सिलकडे विचारलं. एक मीटिंग ठरली, व्हिडिओवर. सेवा गुणवत्ता अधिकारी तरुण आणि फार सभ्य होता. त्याच्या मागे कुठल्यातरी उष्ण देशातला समुद्रकिनारा लावलेला होता. तो म्हणाला की कॉल पद्धतीप्रमाणे हाताळला गेला. भाषा, इंग्रजी नसलेली. सूर, शांत. निष्पत्ती, संपर्क न झालेला. कॉल घेणारी कर्मचारी त्या दिवसापासून रजेवर होती. रेकॉर्डिंग जपून ठेवलेलं आहे. पण ते ज्या व्यक्तीचं आहे तिलाच मागावं लागतं.

"ती वारली," शशिधर म्हणाला.

"हो," अधिकारी म्हणाला. "तीच अडचण आहे."

त्याच्या मागे माडाची झावळी हलत होती. शशिधरने त्याचे आभार मानले.

मग वारे सुरू झाले. स्कार्वेवर हिवाळा थंडीचा नसतो, वाऱ्याचा असतो. गारा आडव्या येतात. मीठ खिडकीवर साय धरतं. दुपारी तीनला काळोख पडतो आणि तारा तुटल्या की लाइट जाते. लाइट गेली की रिकाम्या कॉटेजमधला बॉक्स बॅटरीवर जायचा आणि घाबरून केंद्राला हाक मारायचा. केंद्रातून नवा आवाज शशिधरला सांगायचा, लीला देवस्थळी यांच्या घरून कॉल आला आहे, त्या उत्तर देत नाहीत, जाऊन पाहता का.

पहिल्यांदा त्याने सांगितलं की त्या वारल्या. पलीकडे की-बोर्डची टकटक झाली. आपल्या दुःखात सहभागी आहोत, आवाज म्हणाला, पण इथे त्या चालू दिसताहेत.

तो गेला नाही तर फोन पुढे किनारा पथकाला जायचा, म्हणजे त्यालाच. म्हणून तो जायचा, असं तो सुचेताला सांगे. खरी गोष्ट अशी की दाराची कडी काढल्यावर तो उंबऱ्यात क्षणभर थांबायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "आई, आलो." आत खुर्ची. बॉक्सवरचा तांबडा दिवा उघडझाप करत असायचा. कधी केंद्रातली बाई अजून लाइनवरच असे, आणि तिच्या हेडफोनमधली खरखर खोलीभर पसरलेली असे, कुणीतरी झोपेत श्वास घेतल्यासारखी. तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते ऐकत उभा राहायचा. मग, सगळं ठीक आहे, असं सांगायचा. तशी नोंद व्हायची. कौन्सिलच्या दृष्टीने लीलावतीबाई त्या महिनाभरात वारंवार ठीक होत्या.

साउथहॅम्प्टनहून मुलीचा, वरदाचा फोन आला. तिचं मराठी एडिनबरात घडलेलं.

"बाबा, आजीची बॉक्स तू अजून अनप्लग नाही केला? दॅट्स क्रीपी. आई घाबरते."

"आई घाबरत नाही," शशिधर म्हणाला.

"ती तुझ्यासाठी घाबरते," वरदा म्हणाली.

आणि यात एफी होती. एफीला बेटावरची सगळी लग्नं, मोडलेली लग्नं आणि मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणा पाठ होत्या. खुब्याचं हाड झिजलेलं, आणि राहायला भावाच्या रानात एक कारव्हान, म्हणजे चाकांवरचं घर, वाऱ्याने उडू नये म्हणून दोरांनी दगडांना बांधलेली. पायऱ्या नसलेल्या, रॅम्पच्या घरासाठी ती कौन्सिलकडे नाव लावून बसली होती, आणि बेटावर असं रिकामं घर एकच होतं. कौन्सिलने तिला ते दिलंही होतं. किल्ली तेवढी यायची होती. किल्ली घेण्याचं, बॉक्स काढण्याचं आणि घर ताब्यात देण्याचं काम कौन्सिलच्या स्थानिक कर्मचाऱ्याकडे होतं. तो कर्मचारी रस्त्यावर मीठ टाकायचा आणि तिची नजर चुकवायचा.

ती दुकानात भेटायची. काठीवर भार देऊन उभी.

"घाई नाही हो," ती म्हणायची. "तुझं होऊ दे."

ती हे मनापासून म्हणायची. तो तिची पिशवी उचलून कारव्हानपर्यंत न्यायचा, दोर तपासायचा, एखादी गाठ आवळायचा. आत बुरशीचा वास आणि मांजर.

सुचेताने एका दुपारी जेवताना विषय काढला. तिला दवाखान्यात परत जायचं होतं, म्हणून ती उभ्यानेच खात होती.

"शशी, तो बॉक्स काढ आता."

"काढतो. वारा पडू दे."

"स्कार्वेवर वारा पडायची वाट बघतोयस?"

तो भात कालवत राहिला.

"मी तिचा खुबा बघते रे दर आठवड्याला," ती म्हणाली. "त्या गाडीत रात्रभर कुडकुडत बसते ती. मी गोळ्या देते. गोळ्या कशावर देऊ, थंडीवर?"

"बॉक्स काढला की केंद्राचं खातं बंद होईल. मग कुणाला विचारू?"

"काय विचारायचंय अजून? त्यांनी सांगितलं ना, सूर शांत होता."

"तुझे पेशंट शांतपणे मरत नाहीत?"

सुचेताने ताट ठेवलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, पेशंटकडे बघते तसं नव्हे.

"मी तेव्हा अंगठा शिवत होते," ती म्हणाली. "मलाही फोन आला होता, शशी. तू एकटाच नाहीयेस."

ती गेली. ही गोष्ट शशिधरच्या ध्यानात कधीच आली नव्हती. आपल्या खात्यांच्या गर्दीत बायकोचं दुःख कुठल्या खात्याकडे आहे हे त्याने पाहिलंच नव्हतं.

तर ज्या सकाळी आपण त्याला खुराड्यात सोडलं, त्या दुपारचा वारा हा सगळ्या वाऱ्यांचा बाप निघाला. बोट रद्द, विमान रद्द, शाळा लवकर सुटली. शशिधर ट्रक घेऊन रस्त्यावर पडलेले पत्रे ओढत होता तेव्हा किनारा पथकाचा वायरलेस खरखरला. डोनाल्ड बोलत होता. एफीची कारव्हान.

तो पोचला तेव्हा दोर तुटून कारव्हान कुशीवर पडली होती, पाय दुमडलेल्या गाईसारखी. छपराचा एक पत्रा सुटून पंखासारखा आपटत होता. डोनाल्ड खिडकीतून अर्धा आत शिरला होता आणि त्याचे बूट हवेत हलत होते. दोघांनी मिळून एफीला ओढून काढलं. ती हलकी होती, ओल्या लोकरीच्या गाठोड्यासारखी. कपाळावर खरचटलेलं. तिने आधी मांजराची टोपली पुढे दिली, मग काठी, मग स्वतःचा हात. शशिधरने तिला पाठीवर घेऊन ट्रकपर्यंत नेलं. गारा त्याच्या मानेत शिरत होत्या. कानाशी तिचा श्वास. ती काहीतरी पुटपुटत होती. त्याला वाटलं, प्रार्थना. मग ऐकू आलं. ती त्याची माफी मागत होती, तुला उगीच त्रास, म्हणत होती.

दवाखान्यात सुचेताने तिला पुसलं, पांघरलं, कपाळ साफ केलं. शशिधर दारात पाणी निथळत उभा. सुचेताने त्याच्याकडे पाहिलं. तो वळला, शेडमधून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मागच्या कॉटेजकडे चालू लागला. मागून काठीचा आवाज आला. पांघरुणासकट एफी निघाली होती, आणि तिचा दंड धरून सुचेता. ऐकायला तयार नाही, सुचेता म्हणाली. म्हणते, एकट्याने जाऊ नये त्याने.

लाइट गेलेलीच होती. कॉटेजमध्ये बॉक्सचा तांबडा दिवा तेवढा उघडझाप करत होता. आपल्याबरोबर माणसं आहेत याची लाज वाटूनही शशिधर उंबऱ्यात थांबला आणि म्हणाला, "आई, आलो." एफीने डोळे मिटले. तिला भाषा कळत नव्हती, पण काय म्हटलं ते कळलं असावं.

बॉक्स काढायची पद्धत ठरलेली होती. आधी बटण दाबायचं, केंद्राला सांगायचं की यंत्र कायमचं काढत आहे, मग वायर सोडायची. लाल बटण खुर्चीच्या हाताला अडकवलेलं होतं, दोऱ्यासकट. त्या दिवशी तिथे अडकवल्यापासून कुणी त्याला हात लावला नव्हता. शशिधरने ते मुठीत घेतलं. थंडगार, गुळगुळीत. अंगठा ठेवला. सुचेता त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने त्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. दोघांनी मिळून दाबलं.

बॉक्स गुणगुणला. कुठेतरी दूर, डोंगरांपलीकडे, लाइन जोडली गेली. कुणी बोललं नाही. नुसती खरखर, आणि खरखरीत एका बाईचा श्वास. घरावर वारा आदळत होता. एफीचं मांजर टोपलीत उठून उभं राहिलं.

मग बॉक्समधून कापरा आवाज आला, "जेवलीस का, लीला?"

सुचेताची बोटं त्याच्या मनगटात रुतली.

"मॉइरा," शशिधर म्हणाला. "मी शशी. तिचा मुलगा."

पलीकडे दीर्घ श्वास सुटला. मॉइरा भराभर बोलू लागली. आजच कामावर आले, म्हणाली, स्क्रीनवर तिचं नाव आलं आणि तोंडातून निघून गेलं, माफ कर. त्या दिवशी तुझा फोन लागला नाही, कुणाचाच लागला नाही. सगळीकडे लावून मी परत तिच्या लाइनवर आले तेव्हा ती बोलत नव्हती. त्यानंतर मला हेडफोन घालवेना. घरी बसले. हे तुला सांगायला मला बंदी आहे, तुला फोन करायलाही बंदी आहे. पण आता फोन तू केलायस.

"ती घाबरली होती का?" शशिधरने विचारलं.

"माहीत नाही," मॉइरा म्हणाली. "मला तुमची भाषा कुठे येते. पण तिने निरोप दिला होता. दोनदा सांगितला, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसा, आणि माझ्याकडून म्हणवून घेतला. मी तो तेव्हापासून रोज म्हणते. बसमध्ये, भांडी घासताना. विसरले तर संपलं, असं वाटायचं. त्यात काय आहे मला ठाऊक नाही. भीती वाटते रे. मेसेज टेक, मेसेज गिव्ह. देऊ?"

शशिधरला हो म्हणता येईना. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. हो, सुचेता म्हणाली.

मॉइराने घसा साफ केला. बॉक्सचा तांबडा दिवा स्थिर झाला. अंधाऱ्या खोलीत, दूरच्या बाईच्या जड, गोल जिभेने, शब्द न् शब्द सुटा ठेवून, देवापुढे म्हणावं तसं ती म्हणाली:

"शाशीला सांग. बोटीवर कोथिंबीर्र आली असेल तर एक जुडी आण. नसली तर राहू दे."